न दिलेली गोळी

"डाव्या कुशीवर व्हा. गुडघे पोटाशी घ्या. आन् भिंतीकडं बघून सोयऱ्याधायऱ्यांची नावं घ्या मनातल्या मनात. चवथ्या नावाला माझं काम झालेलं असंल."

चंद्रकला अक्का हे वाक्य दिवसातून दोन-तीनदा तरी म्हणायच्या. लातूरच्या त्या खासगी दवाखान्यात आमच्या एंडोस्कोपीच्या खोलीत एक हिरवा पडदा होता, त्याच्या मागून ते ऐकू यायचं. अलीकडे मी, तिथला डॉक्टर, क्ष-किरणांसाठीचा शिशाचा जड एप्रन अंगावर चढवून घड्याळाकडे बघत असायचो, आणि पलीकडे कुणी मिशाळ, मानी माणूस एका परक्या बाईसमोर धोतर सैल करायचं की नाही यावर वाद घालत असायचा. वादात कोण जिंकणार हे मला आधीच ठाऊक असायचं. तरी मी चिडायचो. मला सगळ्याच गोष्टींची घाई असते.

अक्का परवा गेल्या. उदगीरहून त्यांच्या मुलाचा फोन आला. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा तो पडदा आठवला, मग त्यांचा आवाज, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. माणसाला सगळं उलट्या क्रमानं आठवतं की काय कोण जाणे.

चेहरा तसा लक्षात राहण्यासारखा होता. बुटकी बांधणी, गोल चष्मा, कपाळावर भस्माची रेघ. ड्यूटीवर यायच्या आधी ती पुसून यायच्या, पण पुसट का होईना राहायचीच. माहेर निलंग्याचं, सासर उदगीरचं, म्हणून बोलण्यात मधेच एखादा कानडी शब्द यायचा. नवरा वीज कार्यालयात. खोलीच्या इनचार्ज सिस्टर त्या, पण सिस्टर कुणी म्हणत नसे. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. पित्ताच्या नळीत खडा अडकला की माणूस पिवळा पडतो, तापानं फणफणतो. तोंडातून दुर्बीण घालून तो खडा काढता येतो. पोट फाडणं नाही, टाके नाहीत. नातेवाइकांना जादू वाटते. पण पित्ताची नळी आतड्यात जिथे उघडते तिथेच स्वादुपिंडाचीही नळी उघडते, आणि स्वादुपिंडासारखा चिडका अवयव शरीरात दुसरा नाही. धक्का लागला की सुजतो. बहुतेक वेळा दोन दिवसांत शांत होतो, पण कधी कधी असा भडकतो की खडा निघालेला असतो आणि माणूस हातचा जातो. यावर एक साधा उपाय आहे. इंडोमेथॅसिनची एक मेणचट गोळी, बोटाच्या पेराएवढी, दुर्बिणीच्या वेळी गुदद्वारातून द्यायची. धोका संपत नाही, कमी होतो. पण आमच्यासारख्यांना तेवढंही खूप असतं.

साधा म्हणालो खरा, पण आमच्या भागात तो सगळ्यांत अवघड उपाय होता. खालून काही द्यायचं ते पोट साफ करायला, एवढंच लोकांना माहीत. तेही लहान मुलांना किंवा अगदी अंथरुणाला खिळलेल्यांना. धडधाकट माणसाला सकाळी सगळं उरकून आल्यावर पुन्हा ते कशाला? बायका लाजायच्या, पुरुष रागवायचे. अक्का दोघांनाही वळवायच्या, शब्दशः.

आणि अशा या बाईंच्या हातून एकाच माणसाला ती गोळी द्यायची राहिली. तो माणूस त्यांचा सासरा होता. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण ते ठाऊक नसेल तर त्यांचा पुढचा हट्ट नुसता हट्ट वाटेल.

पण आधी त्या कशा होत्या ते. अहमदपूरचे एक निवृत्त हेडमास्तर आले होते. विज्ञान शिकवलेले. पडद्याआड त्यांनी अक्कांचीच तोंडी परीक्षा सुरू केली.

"ही गोळी तोंडानं घेतली तर काय बिघडंल?"

"तोंडानं तिचा तसा उपेग होत न्हाई, सर."

"आसं कसं? शेवटी नळी तर एकच हाय ना?"

"हाव की. शाळेचं गेट बी एकच आसतंय. म्हून तुम्ही पहिलीतल्या पोराला दहावीत बसवलं का कंदी?"

 मास्तरांचं हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ कॉट करकरली. पुढच्या महिन्यात ते दाखवायला आले तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलले आणि अक्कांशी अर्धा तास.

दुसरे एक उदगीरकडचे आडत व्यापारी. लिंगायत, कर्मठ. आत विजेच्या तारेनं छेद घ्यावा लागतो, म्हणून अंगावर धातू चालत नाही. गळ्यातला चांदीचा करंडा काढा म्हटल्यावर ते उठूनच बसले. आतलं इष्टलिंग देहापासून दूर करायचं म्हणजे त्यांच्या लेखी जिवंतपणी मरणं होतं. मी वैतागून म्हणालो, मग खडा राहू द्या. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेरच गेलो. परत आलो तर करंडा त्यांच्या मुलाच्या हातात, आणि लिंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या उजव्या दंडाला बांधलेलं. गाठ अक्कांनी इतकी नीट मारली होती की मला हेवा वाटला. "देव अंगावरच हाय, अप्पा," त्या म्हणत होत्या, "चांदी तेवढी भाईर हाय. आता वळा." ते गृहस्थ दंड हातानं धरून वळले.

मी नांदेडचा. आमच्याकडे गोदावरी आटली तरी वाळूत खड्डा केला की काहीतरी लागतं. लातूरचा तो उन्हाळा मी विसरणार नाही. रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. लोक गाडी बघायला रुळाकाठी जायचे आणि पाण्याच्या टाक्यांना हात लावून यायचे. दवाखान्यात टँकर दिवसाआड यायचा. आमची खोली तर पाण्याशिवाय चालणंच शक्य नाही. प्रत्येक रुग्णानंतर दुर्बीण आतून-बाहेरून धुवावी लागते, तेही चांगल्या पाण्यानं. त्यात अक्का थेंबाची काटकसर करू द्यायच्या नाहीत. "माणसाला म्हनता येतंय, जरा सबर कर. दुर्बिणीला न्हाई म्हनता येत." शेवटच्या धुण्याचं पाणी मात्र त्या पिंपात साठवायच्या आणि ते संडासात वापरायला लावायच्या.

संडासाच्या पाण्याचा बंदोबस्तही त्यांच्याच गळ्यात पडला होता. वॉर्डच्या दाराशी त्या पिंप घेऊन उभ्या असायच्या. एका रुग्णाला दिवसाला एक बादली. मोठा आला तरी एक, छोटा आला तरी एक. कुणी ओळख काढली तरी एकच. लोक मागे बोलायचे, अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. एकदा एक म्हातारी बादली सांडली म्हणून रडायला लागली तेव्हा अक्कांनी तिला दुसरी दिली, आणि आपल्या घरून प्यायला आणलेली बाटली पिंपात ओतली. ते कुणी बघू नये म्हणून इकडेतिकडे बघितलं, पण मी बघितलं.

त्याच उन्हाळ्यात त्यांचे सासरे आले. अक्का त्यांना मामा म्हणायच्या, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो. उदगीरला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. त्या वर्षी ताटवाट्यांकडे कुणी बघत नव्हतं, नुसती पिंपं आणि घागरी खपत होत्या. "लोकांच्या तहानंवर दुकान चालून राह्यलंय," असं ते खालच्या आवाजात म्हणायचे, काहीतरी वाईट केल्यासारखं. दुकानाइतकाच त्यांचा जीव आणखी एका गोष्टीत होता, उदगीर जिल्हा व्हावा. त्यासाठी निवेदनं लिहायची, ती टाइप करून आणायची, कोण मंत्री आला की गर्दीत घुसून हातात द्यायची. नळ आला नाही, रस्ता उखडला, दवाखान्यात डॉक्टर नाही, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर, "जिल्हा होऊ द्या."

भरतीचा कागद लिहिताना जिल्हा विचारला तर म्हणाले, "उदगीर ल्ह्या."

अक्का कागदाकडे बघूनच मला म्हणाल्या, "सर, मामांना सांगा, आजून झाला न्हाई."

"होऊन राह्यलाय," मामा माझ्याकडे बघून म्हणाले. "कागद मुंबईला हाय."

दोघं हातभर अंतरावर होते आणि बोलणं सगळं माझ्यामार्फत. मला आधी गंमत वाटली. नंतर कळलं, लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती आणि अक्का त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या, नजर वर करून बोलल्या नव्हत्या. धाक वगैरे काही नव्हतं. मामांनीच त्यांना लग्नानंतर नर्सिंगला घातलं होतं, सगळ्या भावकीशी भांडून. पण मान द्यायची रीत ती रीत. दवाखान्याच्या कपड्यांवर पदर कुठून आणायचा? मामा समोर आले की अक्का डोक्यावरची हिरवी टोपी भुवयांपर्यंत खाली ओढायच्या.

मामा पिवळे झाले होते, ताप होता, पण बोलणं खणखणीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची दुर्बीण ठरली. पुरुषांना गोळी द्यायला गरज पडली तर आमच्याकडे एक ब्रदर होता. त्या दिवशी तो सुटीवर, कारण त्याच्या गल्लीत टँकर येणार होता आणि घरात पिंप धरायला दुसरं कुणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात अशी सुटी आम्ही बिनतक्रार द्यायचो.

मी एप्रन घालून तयार होतो. अक्का गोळीचा ट्रे घेऊन पडद्याशी उभ्या, आत जाईनात.

"सर, मी कसं..." एवढंच म्हणाल्या.

हे काम माझं होतं. हातमोजे घालायला आणि गोळी द्यायला मिळून मिनिट लागलं नसतं. पण एप्रन चढवलेला, भूल देणारे डॉक्टर खोळंबलेले, आणि खरं सांगायचं तर असली कामं सिस्टरची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी म्हणालो, "त्यांच्याच हातात द्या अक्का, घेतील ते."

अक्कांनी टोपी खाली ओढली. पडद्याच्या फटीतून ट्रे आत सरकवला आणि तोंड फिरवून म्हणाल्या, "मामा, ही खालून घ्यायची हाय." बाकीच्यांना त्या जे सगळं समजावून सांगायच्या, की ही कशासाठी, कशी काम करते, न घेतली तर काय होऊ शकतं, त्यातला एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. सासऱ्याशी त्या विषयावर बोलणार तरी कसं?

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "झालं, बाई."

अक्कांनी कागदावर 'गोळी दिली' असं लिहिलं, वेळ टाकली, सही केली.

नळीत शिरायला मला त्या दिवशी वेळ लागला. दुर्बिणीतली तार दोनदा पित्ताच्या नळीऐवजी स्वादुपिंडाच्या नळीत गेली. पण खडा निघाला, मोठा, काळपट. मी खूश होतो. संध्याकाळी मामांचं पोट दुखायला लागलं, मग दुखणं पाठीकडे गेलं, मग उलट्या. सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला आणि काय झालंय ते कळून चुकलं. आम्ही सलाइन वाढवलं, वेदनेची औषधं दिली. स्वादुपिंडाच्या सुजेवर याहून फारसं काही करण्यासारखं नसतंच, वाट बघायची असते.

त्या सकाळी मामांनी चष्मा मागितला. अक्कांनी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. चष्मा निघाला, जिल्ह्याच्या निवेदनाची घडी निघाली, आणि चंदेरी वेष्टनातली गोळी निघाली. न फोडलेली, उकाड्यानं मऊ झालेली.

त्या माझ्याकडे आल्या नाहीत. थेट कॉटपाशी गेल्या. मी तिथेच सलाइन बघत होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सासऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "मामा, ही कामून घेतली न्हाई?"

मामांना धाप लागत होती. तरी ते ओशाळल्यासारखे हसले. "पोट साफच व्हतं माझं, पोरी. ती घेतली आसती तर पुन्हा जावं लागलं आसतं. दुसरी बादली कुठून आणायची? तू एकाला एकच देतीस, म्या काल सकाळपासून बघून राह्यलो व्हतो. सासऱ्याला दोन दिल्या, आसं म्हनले आसते लोक तुला."

 आता ती गोळी देऊन उपयोग नव्हता. सूज येऊ नये म्हणून ती असते, आलेली सूज तिनं उतरत नाही. हे अक्कांनी शेकडो लोकांना समजावलं होतं, म्हणून मला सांगावं लागलं नाही.

त्याच दुपारी त्या मामांचा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. 'गोळी दिली' यावर त्यांनी आडवी रेघ मारली होती आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'दिली नाही. रुग्णाच्या हातात दिली, घेतली की नाही हे पाहिलं नाही.' सही, तारीख, वेळ.

"कशाला अक्का?" मी म्हणालो. मला वाईट वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. "राहू द्यायचं ना. कोण बघतंय?"

"कुणीतरी बघंल, सर. वर्षाअखेरी तुम्हीच कागदं काढून बसता की. गोळी दिली तरी माणूस बिघडला, आसं वाचाल. मंग तुमचा तिच्यावरचा भरवसा उडंल, आन् फुडच्याला देणार न्हाई तुम्ही."

मी कागद ठेवून घेतला. त्या कागदावर माझंही एक वाक्य यायला हवं होतं, की हातात द्या असं मी सांगितलं. ते मी लिहिलं नाही. आज इथे लिहितो आहे, त्याला काय अर्थ आहे म्हणा.

मामा नवव्या दिवशी गेले. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. घरच्यांना आम्ही सांगितलं की या उपचारात कधी कधी असं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पार्थिव उदगीरला नेताना अक्का गाडीत बसल्या तेव्हा मी खिडकीपाशी गेलो. समजूत काढायची म्हणून म्हणालो, "अक्का, गोळी दिली असती तरी झालं असतं कदाचित. सांगता येत नाही."

"तेच तर हाय, सर," त्या म्हणाल्या. "सांगता येत न्हाई."

पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या. भस्माची रेघ तशीच, चष्मा तोच. पण पडद्यामागचं वाक्य बदललं होतं. आता सोयऱ्याधायऱ्यांची नावं नव्हती. "ही पोट साफ करायची गोळी न्हाई. हिला पाणी लागत न्हाई. कुठं जावं लागत न्हाई. आतली सूज येऊ नये म्हून हाय," असं आधी, मोठ्यानं, प्रत्येकाला. पाऊस झाला, पिंपं गेली, नळाला पाणी आलं, तरी "हिला पाणी लागत न्हाई" हे त्या म्हणतच राहिल्या. नवी माणसं चक्रावायची, पाण्याचा काय संबंध? अक्का खुलासा करायच्या नाहीत.

आणि हातात गोळी त्यांनी पुन्हा कुणाला दिली नाही. एकदा एक बडे पुढारी आले. मी स्वतः घेतो म्हणाले, त्यांचे चार पंटर दारात. अक्कांनी ट्रे टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं आणि बसल्या. "मंग आज दुर्बीण न्हाई," म्हणाल्या. मी मधे पडायला गेलो नाही. तेवढं मला एव्हाना कळलं होतं. पुढाऱ्यांनी शेवटी पंटरांना बाहेर काढलं.

हसायच्या त्या पूर्वीसारख्याच. पण कधी एखादा रुग्ण संध्याकाळी पोट धरून बसला की त्यांचा चेहरा पार उतरायचा. ड्यूटी संपली तरी घरी जायच्या नाहीत. तपासणीचा कागद हातात पडेपर्यंत वॉर्डच्या पायरीवर बसून राहायच्या. बहुतेकदा साधा वायूच असल्याचं निघायचं. मग उठायच्या, चपला घालायच्या, कुणाशी न बोलता निघून जायच्या. मला ते बघवायचं नाही.

मामा गेल्यावर सासूबाई उदगीरचं घर बंद करून लातूरला अक्कांकडेच राहायला आल्या. अक्का त्यांना आत्या म्हणायच्या. मी एकदा विचारलं, आत्यांना सांगितलंत का? अक्का बराच वेळ दुर्बिणीची नळी पुसत राहिल्या. "कसं सांगू, सर? माझ्या हातचं जेवतेत त्या. सकाळी भाकरी वाढते तवा मनात येतं, आज सांगावं. मंग वाटतं, सांगितल्यावर घास गिळंल का त्यांना?"

पुढे मी नांदेडला परतलो. अक्कांच्या नवऱ्याचीही बदली नांदेडला झाली तेव्हा त्या आमच्या इथल्या दवाखान्यात आल्या, तशाच पडद्यामागे. मामा जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आणि एक दिवस आत्याच पिवळ्या पडल्या. तेच दुखणं, तसाच खडा.

आत्या म्हणजे वाळलेली, ताठ बाई, ऐंशीच्या आसपास. मोजकं बोलायच्या. गोळी दुसऱ्या सिस्टरनं द्यावी असं मी सुचवलं. अक्का नाही म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, आधी सांगते, मंग देते. न सांगता आज माझा हात लागायचा न्हाई त्यांना."

"आज नको," मी म्हणालो. "बऱ्या होऊ द्या, मग सांगा. आजारी माणसाला..."

"बऱ्या झाल्यावर सांगितलं तर त्यांना न्हाई म्हनायला काय ऱ्हाईल, सर? हात तर आज लागणार हाय माझा."

मी पडद्याच्या अलीकडे येऊन एप्रन चढवला.

आत्यांना त्या दुर्बिणीनंतर काही झालं नाही. खडा निघाला, रात्र शांत गेली, दुसऱ्या दिवशी पेज प्यायल्या, आणखी तीन वर्षं जगल्या. वर्षभरात अक्कांनी नोकरी सोडली आणि त्या आत्यांना घेऊन उदगीरला राहायला गेल्या, त्यानंतर आमची गाठ पडली नाही. म्हणून अक्कांचं शेवटचं आठवतं ते त्या दिवसाचं, पडद्यामागचं. मी अलीकडे होतो. दूर जायला हवं होतं, गेलो नाही.

"आत्या, एक सांगायचंय."

"सांग की."

"मामांना ही गोळी मी दिली न्हवती. त्यांच्या हातात दिली आन् पाठ फिरवली. त्यांनी खिशात ठिवली. मला दुसऱ्या दिशी गावली. म्हून ते गेले का, ते न्हाई सांगता येत. पर मी दिली न्हवती."

  मला वाटलं, आता म्हातारी उठून बसणार.

"खिशात कामून ठिवली म्हनले?"

"पोट साफ करायची वाटली त्यांना. पुन्हा जावं लागंल, दुसरी बादली लागंल म्हनले. लोक मला बोलतील म्हनले."

 मग आत्यांचा आवाज आला, इतका बारीक की मला पुढे सरकावं लागलं.

"म्याच सांगितलं व्हतं त्यास्नी."

"काय?"

"उदगीरच्या स्टँडवर, एसटीत बसताना. तिथं सूनबाईपाशी पाण्याची लई मारामार हाय, म्हनलं. पोरगी लोकांच्या शिव्या खाऊन राह्यलीय. बादली मागू नका, तिला खाली बघाया लावू नका." त्या थांबल्या. "जनमभर माझं एक ऐकलं न्हाई त्या माणसानं. तेवढं ऐकलं."

"आत्या, तुम्ही मला हे कंदी..."

"तू बी कुठं सांगितलंस?"

मला राहवलं नाही. मी पडदा जरासा बाजूला केला. आत्या डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन आपणहून वळल्या होत्या. अक्का त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या. हातमोजे घातलेले, म्हणून डोळ्यांना हात लावता येत नव्हता, आणि पाणी चष्म्याखालून सरळ हनुवटीपर्यंत येत होतं. आत्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी नुसता हात मागे केला, चाचपडत अंगावरच्या चादरीचं टोक धरलं आणि ते वर, अक्कांच्या तोंडाच्या अंदाजानं धरून राहिल्या. अक्का वाकल्या आणि त्या टोकात तोंड पुसलं.

"दे आता," आत्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "डाक्टर खोळंबले आसतील."